विषावरचा उतारा

(पेरणीच्या आधीं गांवच्या शाळेंत भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मृगाचा पाऊस आठ दिवसांवर आला आहे. बीं, खत आणि उसनवार यांची काळजी ज्याच्या त्याच्या डोक्यांत असतांना, दिवसभर राबून तुम्ही रात्रीं येथें आलां, याबद्दल मी तुमचा आभारी आहें. मास्तर भाषणाला उभा राहिला म्हणजे स्वच्छता, साक्षरता किंवा दारूबंदी यांपैकीं एखाद्या विषयावर बोलणार, असा तुमचा नेहमींचा अनुभव आहे. आज मी फक्त एका शब्दावर बोलणार आहें. तो शब्द कोणा पंडितानें तुम्हांला दिलेला नाहीं. तो तुमच्या घरचा आहे. तो शब्द म्हणजे ‘उतारा’.

एका शब्दासाठीं एवढी सभा कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण असें कीं, कांहीं वर्षांमागें एका माउलीनें माझ्या दारांत येऊन मला एक प्रश्न विचारला, आणि तो या शब्दाविषयीं होता. मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. तो प्रश्न मी पुढें सांगेन. आधीं शब्द पाहूं.

परवां चौथीच्या वर्गांत मीं मुलांना सांगितलें, ‘उतारा’ हा शब्द घालून एकेक वाक्य करा. एकानें केलें, ‘बाबांनीं चावडींतून सातबाराचा उतारा आणला.’ एक मुलगी म्हणाली, ‘माझी आजी अवसेला तिवाठ्यावर उतारा टाकते.’ तिसऱ्यानें पुस्तकावर बोट ठेवून म्हटलें, ‘गुरुजींनीं आम्हांला उतारा वाचायला दिला.’ मागच्या बांकावर कुंभारवाड्यांतली एक पोर बसते, ती हळूच म्हणाली, ‘अळूच्या खाजेला चिंच हा उतारा.’ चारही वाक्यें बरोबर होतीं. मग पहिल्यानें विचारलें, ‘गुरुजी, कागद, भात, धडा आणि चिंच या सगळ्यांना एकच नांव कसें?’ प्रश्न पोराचा असला तरी थोरांनींही विचार करण्यासारखा आहे.

या सर्वांचें मूळ ‘उतरणें’ या क्रियापदांत आहे. वरून खालीं येणें आणि या कांठावरून त्या कांठाला जाणें, असे त्याचे दोन अर्थ. नावेंतून पलीकडे जाणारा तो उतारू. सरकारी दप्तरांतला मजकूर दुसऱ्या कागदावर उतरला कीं तो उतारा. ताप चढतो आणि उतरतो. राग, नशा, सूज, हींही चढतात आणि उतरतात. जें चढलें तें खालीं आणणारी वस्तु, तिलाही उतारा म्हणतात. भांग चढली तर चिंच द्या, असें जुनीं माणसें सांगतात. बिब्बा उतला तर खोबरें चोळतात. सुरण घशाला खाजला तर आमसूल चघळतात. हें सगळें आमच्या बायकांनीं चुलीपाशीं पाहून, अनुभवून ठरविलें आहे. त्यासाठीं त्यांना कोणाची पोथी लागली नाहीं.

विषाच्या कामीं तर हा शब्द अगदीं नेमका बसला. साप चावल्यावर विष ‘चढतें’ आणि औषधानें तें ‘उतरतें’, अशी आपली बोलण्याची रीत आहे. म्हणून विषावरचें औषध तो उतारा. संस्कृतांत त्याला ‘अगद’ म्हणतात. गद म्हणजे रोग, आणि तो नाहींसा करणारें तें अगद. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं अगदतंत्र हें एक अंग विषविद्येचें आहे, आणि सुश्रुतसंहितेंत कल्पस्थान नांवाचा सबंध भाग विषें व त्यांचे उपाय यांना दिलेला आहे. हल्लींच्या पुस्तकांत ‘प्रतिविष’ असा शब्द छापतात. हे शब्द वाईट नाहींत. परंतु पोराच्या तोंडाला फेंस आला असतां ‘अगद आणा’ म्हणून कोणी धांवत नाहीं. ‘उतारा आणा’ असेंच आपण ओरडतों. ज्या शब्दानें माणूस संकटांत हांक मारतो, त्या शब्दाचा अर्थ साफ असला पाहिजे. आमच्या शब्दाचा अर्थ साफ राहिलेला नाहीं, एवढीच आज माझी तक्रार आहे.

कारण एकाच नांवाच्या दोन वस्तु आपल्या घरांत आहेत. एक उतारा रोग्याला देतात. तो त्याच्या पोटांत किंवा शिरेंत जातो. दुसरा उतारा रोग्यावरून ओंवाळतात. तो घराबाहेर तिवाठ्यावर जातो. नांव एक असल्यामुळें कामही एक, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती समजूत काय करते, तें आतां सांगतों.

बारा-तेरा वर्षांमागें मी दुसऱ्या तालुक्यांतल्या एका वाडीवर शिक्षक होतों. श्रावण महिना होता. माझ्या वर्गांतला नऊ वर्षांचा एक मुलगा घरांत जमिनीवर वाकळ टाकून झोंपला होता. पहांटे तो पोट दुखतें म्हणून उठला. अंगावर जखम नाहीं, रक्त नाहीं. बाहेरचें कांहीं लागलें असेल असें घरच्यांना वाटलें. आजीनें भात, लिंबू आणि गुलाल घेऊन त्याच्यावरून उतारा केला आणि तो तिवाठ्यावर ठेवून आली. सकाळीं पोराच्या पापण्या मिटूं लागल्या, शब्द नीट उमटेना. तेव्हां कोणीतरी वाकळ झटकली आणि तिच्यांतून मण्यार निघाली. मग पोराला देवळाच्या पारावर नेलें. विष उतरविणारा म्हणून नांव असलेला एक माणूस शेजारच्या गांवाहून आला. तो मंत्र पुटपुटे आणि कडुलिंबाचा डहाळा पोराच्या डोक्यापासून पायांकडे ओढी.

त्या पारावर मीही उभा होतों. ट्रेनिंग कॉलेजांत मीं सर्पदंशाचा धडा शिकला होता, मुलांना तो शिकवीतही होतों. सरकारी दवाखाना पंधरा किलोमीटरांवर होता, आणि एका घरापुढें जीप उभी होती. पण एवढ्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें गांवांत नव्यानें आलेल्या मास्तरानें तोंड कसें उघडावें, म्हणून मी गप्प राहिलों. दुपारीं बाराच्या सुमारास पोराचा श्वास थांबला. बंधूंनो, त्या दिवशीं आजी अडाणी होती म्हणून मला दोष देतां येत नाहीं. मी तर शिकलेला होतों.

तेरावा झाल्यावर त्याची आई त्याचें दप्तर परत द्यायला शाळेंत न जातां माझ्या दारांत आली. दप्तर ओट्यावर ठेवून ती म्हणाली, ‘गुरुजी, उतारा तर केला हुता. मग इख का उतरलं न्हाई?’

तिचें उत्तर असें आहे: माउली, उतारा केला होता, पण तो पोराला दिला नव्हता. भात आणि लिंबू घराबाहेर गेलीं, आणि विष पोराच्या रक्तांत राहिलें.

मण्यारीचें काम कसें चालतें तें ऐका. तिचे दांत सुईसारखे बारीक असतात. रात्रीं जमिनीवर झोंपलेल्या माणसाला ती चावली तर पुष्कळदां त्याला जागही येत नाहीं, आणि खूण शोधून सांपडत नाहीं. पहांटे पोट दुखतें, घसा धरतो, पापण्या जड होतात. तिचें विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा हुकूम मध्येंच तोडतें. पापण्यांचे आणि घशाचे स्नायु आधीं पडतात, मग छातीचे. हृदय चालू असतें, पण छाती हालत नाहीं म्हणून माणूस गुदमरून मरतो. त्याला वेळेवर उतारा टोंचला आणि श्वास यंत्रानें चालू ठेवला, तर कांहीं दिवसांनीं तोच माणूस चालत घरीं येतो.

येथें आपल्याच बोलण्यानें आपल्याला कसें फसविलें आहे तें पाहा. विष ‘चढतें’ म्हटल्यावर, तें पायापासून डोक्याकडे पायरी-पायरीनें वर जातें, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हणून डहाळा वरून खालीं ओढायचा. म्हणून दोरी करकचून बांधायची. परंतु विष अंगांतल्या रसाबरोबर आणि रक्ताबरोबर सगळीकडे पसरतें. डहाळ्यानें तें खालीं येत नाहीं. आंवळलेल्या दोरीनें मात्र हातापायाचें रक्त तुटतें, आणि विषानें मेला नसता असा हात दोरीनें मरतो.

तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, मंत्रानें बरीं झालेलीं माणसें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.’ तुम्हीं पाहिलीं आहेत हें खरें आहे. आपल्या शिवारांत धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे कितीतरी साप आहेत, आणि त्यांचें विष माणसाला बाधत नाहीं. कवड्या तर दिसायला मण्यारीसारखा. गांवोगांव माणसें मारणारे साप मुख्यत्वें चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. त्यांतूनही विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं तो विष सोडतोच असें नाहीं. तेव्हां पारावर आणलेल्यांपैकीं बरेचजण कांहींही न करतां जगणारच असतात. ते जगले कीं मंत्राचें नांव होतें. मेला तर ‘आणायला उशीर केला’ असें म्हणतात. ज्या हिशेबांत जमा तेवढी धरतात आणि खर्च लिहीतच नाहींत, त्या हिशेबाला आपण वाण्याच्या दुकानांत मान्य करूं काय?

अशी फसगत आपल्याच देशांत झाली असें नाहीं. रानबकऱ्याच्या जठरांत एक खडा धरतो. फारशींत त्याला ‘पादजहर’ म्हणत. म्हणजे विषापासून राखणारा. कोणत्याही विषाला तो उतारा आहे अशी समजूत होती, आणि युरोपांतले राजे तो भारी मोल देऊन बाळगीत. सोळाव्या शतकांत फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या पदरीं आंब्रवाझ पारे नांवाचा शस्त्रवैद्य होता. तो न्हाव्याच्या दुकानांत हत्यार धरायला शिकलेला माणूस. पंडितांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती, त्यानें आपलीं पुस्तकें लोकांच्या भाषेंत लिहिलीं. तो राजाला म्हणाला, विषें अनेक आहेत आणि तीं निरनिराळ्या रीतीनें मारतात, तेव्हां सर्वांना एकच उतारा असूं शकत नाहीं. चांदीचीं भांडीं चोरल्यावरून फांशीची शिक्षा झालेला एक आचारी होता. विष घेऊन वर हा खडा घ्यावयाचा आणि जगल्यास सुटावयाचें, असें त्यानें कबूल केलें. बिचारा कांहीं तासांत तळमळून मेला, आणि राजानें तो खडा जाळून टाकविला. ती परीक्षा क्रूर होती, तिची भलावण मी करीत नाहीं. परंतु पारेचें म्हणणें आजही खरें आहे. ज्या विषाचा जो उतारा, तोच त्याला चालतो.

आतां खरा उतारा कसा होतो तें सांगतों. १८९४-९५ च्या सुमारास फ्रान्समधल्या आल्बेर काल्मेत वगैरे शास्त्रज्ञांनीं तो सिद्ध केला. सापाचें विष काढून घोड्याला अगदीं थोडें, सोसेल एवढें टोंचतात. मग हळूहळू मात्रा वाढवितात. घोड्याचें शरीर त्या विषाला धरणारा पदार्थ आपल्या रक्तांत तयार करतें. कुलपाचा ठसा घेऊन लोहारानें किल्ली घडवावी, तसा तो पदार्थ त्या विषालाच बसतो. घोड्याचें थोडें रक्त काढून त्यांतून हा पदार्थ वेगळा करतात, शुद्ध करतात आणि लहान कुप्यांत भरतात. आपल्याकडच्या कुपींत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारही विषांवरचा उतारा एकत्र असतो. मुंबईंत परळच्या हाफकिन संस्थेंत हें काम कित्येक दशकें झालें आहे.

हें ऐकून माझ्या मनांत आलें कीं, आमचा जुना शब्द येथें दोन्ही अर्थांनीं खरा ठरला. हा उतारा विष उतरवितो, आणि तो मूळ विषावरूनच उतरवून घेतलेला असतो, जसा सातबाराचा उतारा मूळ दप्तरावरून. मूळ नसेल तर उतारा कशाचा?

आणि तें मूळ विष कोण आणून देतें? तामिळनाडूंत इरुळा नांवाचे आदिवासी लोक आहेत. पिढ्यान् पिढ्या साप पकडणें हा त्यांचा धंदा; पूर्वीं ते कातड्यासाठीं साप मारीत. वन्य प्राण्यांचा कायदा आला, धंदा बसला, आणि १९७८ सालीं त्यांची सहकारी संस्था निघाली. ते साप जिवंत धरतात, त्याचें विष काढून घेतात आणि त्याला परत रानांत सोडतात. देशांत तयार होणाऱ्या उताऱ्याला लागणारें बरेचसें विष त्यांच्या हातून जातें. २०२३ सालीं त्यांच्यांतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. शाळा न पाहिलेल्या हातांचें ज्ञान आणि प्रयोगशाळेचें ज्ञान एकत्र आलें म्हणजे माणूस वांचतो, हें आपण लक्षांत ठेवावें.

असा उतारा सरकारी दवाखान्यांत फुकट मिळत असतांना माणसें कां मरतात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सुमारें ५८,०००. त्यांतले निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि बहुतेक खेड्यांत. त्याआधीं २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणींत असें दिसलें होतें कीं, दर चार मृतांपैकीं तिघेजण दवाखान्याबाहेर मेले. मरणारा हा तुमच्या-माझ्यासारखा, अनवाणी शेतांत जाणारा आणि जमिनीवर झोंपणारा माणूस आहे. कोठें दवाखाना दूर असतो, कोठें डॉक्टर जागेवर नसतो, कोठें कुप्या संपलेल्या असतात. त्यासाठीं आपण ग्रामसभेंत भांडलेंच पाहिजे. पण पारावर जे तीन-चार तास जातात, ते आपल्या हातचे आहेत.

म्हणून साप चावला तर काय करावें तें थोडक्यांत सांगतों. माणसाला धीर द्या, चालवूं नका. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणें फळी लावून स्थिर ठेवा. अंगठी, बांगडी, जोडवीं, तोडे काढा, कारण सूज येते. कापूं नका, चोखूं नका, दोरी आंवळूं नका. सापाच्या मागें धांवण्यांत वेळ घालवूं नका. १०८ क्रमांकावर गाडी मागवा. ती येण्यास उशीर असेल तर मिळेल त्या गाडीनें निघा. दवाखान्यांत डॉक्टर थोडें रक्त कांचेच्या कोरड्या नळींत घेऊन २० मिनिटें ठेवतील. तें गोठलें नाहीं तर घोणस किंवा फुरशाचें विष भिनलें, असें समजतें. उतारा शिरेवाटे देतात, आणि सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. सापानें पोराला कमी आणि थोराला जास्त विष दिलेलें नसतें, म्हणून पोरालाही तेवढ्याच. कधीं कधीं या उताऱ्याचीही बाधा होते, तेव्हां तो घरीं किंवा पारावर टोंचून घेण्याची वस्तु नव्हे.

चावण्याआधींचा उपाय त्याहून सोपा आहे. खाटेवर निजा, मच्छरदाणी गादीखालीं खोंचा, रात्रीं बॅटरीशिवाय बाहेर पाय टाकूं नका, आणि गोवऱ्यांच्या ढिगांत हात घालण्यापूर्वीं काठीनें हालवा.

विंचवाविषयींही दोन शब्द. कोंकणांतल्या तांबड्या विंचवाच्या विषानें हृदय व फुप्फुसें बिघडून पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा पंचवीस-तीस दगावत. महाडकडील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं सरकारी आरोग्य केंद्रांत रोग्यांच्या उशाशीं बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन नांवाच्या, मूळ रक्तदाबासाठीं असलेल्या, गोळीनें हे रोगी वांचतात हें दाखवून दिलें. आतां मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें आहे. मेलेले आणि जगलेले दोन्ही ज्यानें लिहून ठेवले, त्याच्या हातीं उतारा लागला.

आणखी एक विष आहे. तें आपण पैसे मोजून विकत आणतों. फवारणीचें विष. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विष अंगांत भिनून वीसएक शेतकरी-शेतमजूर मेले. पुष्कळ कीडनाशकांनीं लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीएवढ्या होतात आणि छाती भरते. त्यांवर अॅट्रोपिन हा उतारा आहे. गंमत अशी कीं, जो धोतरा आपण विषारी म्हणून पोरांना शिवूं देत नाहीं, त्यांतही हाच पदार्थ असतो. एकाचें विष तें दुसऱ्याचा उतारा; पण मात्रा डॉक्टरच्या हातीं. धोतरा खाऊन कोणी उतारा करूं लागला तर तो मरेल. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डब्याबरोबर घडी घातलेली पत्रिका येते, तींत त्या विषाला उतारा कोणता हें छापलेलें असतें. आपण ती पत्रिका बांधावर फेंकून देतों. ती खिशांत ठेवा, आणि दवाखान्यांत जातांना डबा व पत्रिका दोन्ही बरोबर न्या. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाहीं. तेव्हां तें घरांत पाण्याच्या बाटलींत भरून ठेवण्याची चूक कोणी करूं नये.

कायद्याविषयीं एवढेंच सांगतों. आपल्या महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊं न देतां त्याऐवजीं मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें, हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण मला कोणाला तुरुंगांत धाडायचें नाहीं. विष उतरविणारे पुष्कळजण पैसा न घेतां, अर्ध्या रात्रीं उठून येतात, हें मी जाणतों. त्यांना माझें हात जोडून सांगणें आहे: तुम्हांला लोक हांक मारतात, तर तुम्हीच पहिल्यानें म्हणा, ‘गाडी काढा.’ तुमचा शब्द माझ्या शब्दापेक्षां लवकर ऐकला जाईल.

आणि आजीला काय सांगूं? तिची माया खोटी नव्हती. मनाला शांति वाटावी म्हणून तिला तिवाठ्यावर भात ठेवायचाच असेल तर तिनें तो ठेवावा. पण पोराला घेऊन गाडी निघाल्यावर.

बंधूंनो, सातबाराचा उतारा हातीं आला म्हणजे तुम्ही काय करतां? नांव पाहतां, गट पाहतां, क्षेत्र पाहतां, बोजा कोणाचा चढला आहे तें पाहतां. कोणी सांगितलें म्हणून तो घडी घालून खिशांत ठेवीत नाहीं. विषाच्या उताऱ्याचीही अशीच चौकशी करा. पहिला प्रश्न, हा उतारा कोणत्या विषावरचा? दुसरा, तो रोग्याच्या अंगांत जातो कीं घराबाहेर? तिसरा, ज्यांना तो दिला त्यांच्यांतले जगलेले किती आणि मेलेले किती, हें कोणीं मोजलें आहे काय? या तीन प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर आहे, तो उतारा घ्या. एकर-दोन एकरासाठीं जी सावधगिरी, ती पोटच्या पोरासाठीं नको काय?

उद्यां सकाळीं मुलें शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूनें मोठ्या अक्षरांत चार गोष्टी लिहिणार आहेत: १०८ हा आंकडा, उतारा ठेवणारा जवळचा दवाखाना, तेथवरचें अंतर, आणि रात्रीं कोणाच्या घरीं गाडी मिळेल त्यांचीं नांवें. ज्यांच्यापाशीं जीप किंवा मोटारसायकल आहे त्यांनीं आपलें नांव आतांच सभेंत सांगावें. पहिलें नांव माझें घाला; मोटारसायकल जुनी आहे, पण चालते. मधल्या वेळेला कोणाच्याही घरीं बोलावणें आलें तर माझें दार ठोठवा. वडीलधारी मंडळी असोत, देवळाचा पार असो, या वेळीं मी गप्प उभा राहणार नाहीं.

त्या माउलीला तिचें उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. तुम्हांला तो प्रश्न विचारण्याची वेळ न येवो, एवढें बोलून मी आपली रजा घेतों.